कारण विचारण्याचा हक्क

१९१० साली सरकारने जी बंगाली पुस्तके जप्त केली, त्यांतल्या एका अतिशय गाजलेल्या पुस्तकाच्या लेखकाची मातृभाषा मराठी होती. पुस्तकाचे नाव ‘देशेर कथा’ आणि लेखक सखाराम गणेश देऊस्कर. महाराष्ट्रात हे नाव आज थोड्यांनाच माहीत आहे. बंगालमध्ये जुन्या वाचकांना पुस्तक आठवते, पण लेखक मराठी होते हे सांगावे लागते. मी कोलकात्यात राहून मराठीत लिहितो, त्यामुळे दोन्हीकडच्या मंडळींना देऊस्करांची ओळख करून देण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. या लेखाचा हेतू मात्र त्यांचे चरित्र सांगण्याचा नाही. मला त्या जप्तीच्या हुकमाकडे बघायचे आहे. सरकार एखादे पुस्तक उचलून नेते तेव्हा ‘का?’ असे कुणी विचारायचे, कुणाला विचारायचे, आणि उत्तर देणे सरकारला बंधनकारक आहे की नाही? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांत बरेच बदलले. ते बदलण्यात कलकत्ता आणि मुंबई या दोन शहरांचा मोठा वाटा आहे.

देऊस्करांचा जन्म १८६९ सालचा, देवघरजवळच्या करौं गावातला. देवघर आज झारखंडात आहे, तेव्हा बंगाल प्रांतात होते. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, देऊस गावचे. अठराव्या शतकात मराठी फौजा पूर्वेकडे सरकल्या त्या काळात ते इकडे येऊन स्थिरावले. बंगालच्या स्मृतीत मराठी माणूस आधी ‘बर्गी’ म्हणून आला, हे इथे सांगितले पाहिजे. आपला ‘बारगीर’ हा साधा लष्करी शब्द बंगालीत गेला आणि त्याचा अर्थ लुटारू झाला. १७४२ साली भोसल्यांच्या स्वारीच्या भीतीने कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, तो पुरा झालाच नाही. पण ‘मराठा डिच’ हे नाव उरले आणि मुलांना झोपवण्याच्या गाण्यात बर्गी उरला. अशा प्रांतात वाढलेल्या मराठी मुलाने बंगाली आपली लेखनभाषा केली, शिवाजी महाराजांवर बंगालीत लिहिले आणि १९०२ पासून कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू करण्यात पुढाकार घेतला. रवींद्रनाथ ठाकूरांची शिवाजी उत्सवावरची कविता देऊस्करांच्या पुस्तिकेच्या आरंभी छापली गेली. बंगालने बर्गीची आठवण पुसली नाही, पण तिच्या शेजारी दुसरी एक आठवण मांडून घेतली. हे काम एका शाळामास्तराने आणि वर्तमानपत्राच्या मुद्रितशोधकाने केले.

शाळामास्तर म्हणण्याचे कारण आहे. देवघरच्या शाळेत शिकवत असताना देऊस्करांनी तिथल्या हार्ड नावाच्या इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर कलकत्त्याच्या ‘हितवादी’ पत्रात लेख लिहिले. मॅजिस्ट्रेटने नोकरी घालवण्याची धमकी दिली. देऊस्करांनी नोकरी सोडली, कलकत्ता गाठले आणि ‘हितवादी’त मुद्रिते तपासू लागले, पुढे त्याच पत्राचे संपादक झाले. लिहिण्याची किंमत काय असते, हे त्यांना कुठल्याही कायद्याच्या पुस्तकाआधी पगाराच्या पाकिटाने शिकवले. त्या धमकीविरुद्ध दाद मागायला कुठेही जागा नव्हती. जो मॅजिस्ट्रेट तक्रारीचा विषय होता, तोच त्या गावात कायदा होता.

आता थोडे मागे जाऊ. छापील मजकुरावर सरकारी हात पडण्याचा इतिहास या शहरात छापील वर्तमानपत्राइतकाच जुना आहे. हिकीचे ‘बेंगॉल गॅझेट’ जानेवारी १७८० मध्ये निघाले. हेस्टिंग्जवर टीका केल्याबद्दल हिकी तुरुंगात गेला आणि १७८२ साली त्याचे टाइप जप्त झाले. १८२३ साली छपाईसाठी परवाना सक्तीचा झाला, तेव्हा राममोहन रॉय यांनी इथल्या सुप्रीम कोर्टात अर्ज केला आणि तो फेटाळला गेल्यावर आपले फारसी पत्र ‘मिरात-उल-अखबार’ बंद केले. १८३५ साली मेटकाफने ते बंधन उठवले. १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत पुन्हा बंधन आले, पण या वेळी एका फरकाने. तो कायदा फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता. इंग्रजीत लिहिलेले वाक्य निर्दोष आणि तेच वाक्य बंगालीत किंवा मराठीत लिहिले की संशयास्पद. ‘अमृत बाजार पत्रिका’ तोवर इंग्रजी आणि बंगाली अशा दोन्ही भाषांत निघत होती. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी ती झटक्यात पूर्ण इंग्रजी झाली. बहुभाषिक देशात अभिव्यक्तीचा हक्क भाषेगणिक वेगळा असू शकतो, याचा हा स्पष्ट नमुना. तो कायदा रिपनच्या काळात रद्द झाला, पण त्यामागची भीती गेली नाही. सरकारला देशी भाषा कळत नव्हत्या, म्हणून त्यांची भीती अधिक वाटत होती.

या भीतीचे रूप पुढच्या खटल्यांत दिसते. राजद्रोहाच्या कलमाखालचा पहिला गाजलेला खटला कलकत्त्यात १८९१ साली ‘बंगबासी’ पत्रावर झाला. ‘बंगबासी’ सनातनी होते; संमतिवयाच्या कायद्याला, म्हणजे मुलींसाठी दहाची मर्यादा बारावर नेण्याला, त्याचा कडवा विरोध होता. आज त्या लेखांची बाजू घ्यावीशी कुणाला वाटणार नाही, मलाही वाटत नाही. पण कायद्याच्या दृष्टीने तिथे घडलेली गोष्ट लेखांपेक्षा मोठी होती. ‘अप्रीती’ म्हणजे काय, हे सरन्यायाधीश पेथेरम यांनी ज्युरीला समजावले: प्रीतीच्या विरुद्ध जी भावना, ती अप्रीती. ज्युरीत एकमत झाले नाही, संपादकांनी माफी मागितली आणि खटला सोडून देण्यात आला. व्याख्या मात्र मागे राहिली. ती सहा वर्षांनी मुंबईत उपयोगी पडली.

१८९७ साली ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल टिळकांवर खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी पेथेरमचे सूत्र आणखी ताणले. अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा त्यांचा अर्थ झाला. या व्याख्येप्रमाणे सरकारवर प्रेम नसणे हा जवळजवळ गुन्हाच झाला. नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपीय होते आणि तीन हिंदी. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. दोषी ठरवणाऱ्या सहांनी मराठी मजकूर इंग्रजी भाषांतरातून वाचला होता. म्हणजे ज्या वाक्यांबद्दल टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, ती वाक्ये शिक्षा ठरवणाऱ्यांच्या दृष्टीने टिळकांनी लिहिलेलीच नव्हती. ती भाषांतरकाराची होती. बहुभाषिक नियतकालिकाच्या वाचकाला भाषांतराची जबाबदारी काय असते हे सांगायला नको. इथे एका विशेषणाच्या छटेवर माणूस तुरुंगात जात होता.

या खटल्यासाठी कलकत्त्यात वर्गणी जमली. तिच्या खटपटीत रवींद्रनाथही होते. कलकत्त्याहून बॅरिस्टर मुंबईला गेले. ‘अमृत बाजार’च्या मोतीलाल घोषांशी टिळकांचा माफीच्या प्रश्नावर पत्रव्यवहार झाला आणि टिळकांनी माफी मागायचे नाकारले. पुढच्या वर्षी, १८९८ साली, राजधानी कलकत्त्यात बसलेल्या विधिमंडळाने राजद्रोहाचे कलम स्ट्रेचीच्या बाजूने आणखी रुंद केले आणि वर्गावर्गांत वैर वाढवण्याचे नवे कलम, १५३-अ, दंडसंहितेत घातले. ते विधेयक मंजूर होण्याच्या सुमारास रवींद्रनाथांनी टाउन हॉलमध्ये ‘कंठरोध’ नावाचा निबंध वाचला. राजद्रोहाची ही व्याख्या अशी कलकत्त्यात जन्मली, मुंबईत वाढली आणि पुन्हा कलकत्त्यात कायद्यात बसली. तिला विरोध करणारेही याच वाटेने ये-जा करत होते.

‘देशेर कथा’ १९०४ साली निघाले. त्यात बॉम्ब नव्हते, शिव्याही नव्हत्या. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त, विल्यम डिग्बी यांनी इंग्रजीत मांडलेली आकडेवारी देऊस्करांनी सामान्य वाचकाच्या बंगालीत आणली: विणकराचा धंदा कसा बुडाला, शेतकऱ्यावर सारा किती, दुष्काळ किती पडले, देशातून पैसा कसा बाहेर गेला. बहुतेक आकडे सरकारच्याच दप्तरातले होते. पुस्तकाच्या थोड्या काळात पाच आवृत्त्या निघाल्या. देऊस्करांचे नातलग बाबूराव विष्णू पराडकर, हेही कलकत्त्यात पत्रकारिता करणारे मराठी गृहस्थ, यांनी त्याचे हिंदीत ‘देश की बात’ केले. स्वदेशी चळवळीची मने तयार करण्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा होता, असे पुढे अरविंद घोषांनी नोंदवले. ‘स्वराज्य’ हा शब्द बंगालमध्ये रुजवण्याचे श्रेयही त्यांनी देऊस्करांना दिले. सरकारला हे पुस्तक का नको झाले असेल, हे यावरून समजते. तेच आकडे इंग्रजीत अभ्यासकांच्या कपाटात राहात होते. बंगालीत ते शाळकरी पोरांच्या हातात गेले.

त्या वर्षांतले कलकत्ता पोलीस आणि न्यायालये यांचे चित्र मनासमोर असायला हवे. चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट किंग्जफर्ड यांच्यासमोर १९०७ साली एकामागून एक पत्रांचे खटले चालले. ‘युगांतर’साठी भूपेंद्रनाथ दत्तांना एक वर्षाची शिक्षा झाली. ‘संध्या’चे ब्रह्मबांधव उपाध्याय खटला चालू असतानाच कॅम्बेल हॉस्पिटलात वारले. ‘वंदे मातरम्’च्या खटल्यात साक्ष द्यायला नकार दिल्याबद्दल बिपिनचंद्र पाल सहा महिने तुरुंगात गेले. न्यायालयाबाहेरच्या गर्दीत पोलिसाशी झटापट केल्याबद्दल सुशील सेन या किशोरवयीन मुलाला पंधरा फटक्यांची शिक्षा झाली. किंग्जफर्डवरच मुजफ्फरपूरला एप्रिल १९०८ मध्ये बॉम्ब टाकण्याचा प्रयत्न झाला आणि त्यात दोन निरपराध स्त्रिया मेल्या. त्या घटनेवर ‘केसरी’त लिहिलेल्या अग्रलेखांबद्दल टिळकांना सहा वर्षे मंडालेला जावे लागले. तेव्हाच्या ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. सातांनी दोषी म्हटले आणि दोघांनी निर्दोष. भाषांतराबद्दलची टिळकांची तक्रार पुन्हा तशीच राहिली.

देऊस्करांची वैयक्तिक परीक्षा सरकारने घेण्याआधी त्यांच्या मालकाने घेतली. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. ‘हितवादी’च्या मालकांना टिळकांविरुद्ध अग्रलेख हवा होता. देऊस्करांनी तो लिहिला नाही आणि संपादकपद सोडले. ते राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या महाविद्यालयात शिकवू लागले. टिळकांच्या खटल्यावर त्यांनी बंगालीत एक पुस्तक लिहिले. ‘देशेर कथा’बरोबर तेही जप्त झाले.

आता ती जप्ती. फेब्रुवारी १९१० मध्ये नवा प्रेस अॅक्ट आला. त्याच्या बाराव्या कलमाने प्रांतिक सरकारला राजपत्रात एक अधिसूचना छापून कुठलेही पुस्तक सरकारजमा जाहीर करता येई. अधिसूचना निघाली की प्रत जिथे सापडेल तिथून उचलण्याचा अधिकार पोलिसांना मिळे. छापखान्यात, दुकानात, घरात शिरून झडती घेण्यासाठी मॅजिस्ट्रेटचे वॉरंट पुरे होई. लेखकावर खटला नाही, आरोप नाही, साक्षीपुरावा नाही, ज्युरीही नाही. १८९७ आणि १९०८ च्या खटल्यांत निदान टिळकांना न्यायालयात उभे राहून बोलता आले. त्यांची भाषणे लोकांनी वाचली. हुशार सरकारने त्यातून धडा घेतला. माणसावर खटला भरला की माणूस मोठा होतो. पुस्तकावर कारवाई केली की गाजावाजा होत नाही. १९१० नंतर ‘देशेर कथा’ जवळ बाळगणे हीच जोखीम झाली.

या कायद्यात दाद मागायची सोय नव्हती असे नाही. दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात अर्ज करता येत होता. त्या सोयीची खरी किंमत किती होती, हे १९१३ साली कळले. ‘कॉम्रेड’चे संपादक मोहम्मद अली यांच्याकडच्या एका पत्रकाच्या प्रती जप्त झाल्या. त्या पत्रकात बाल्कन युद्धात मॅसेडोनियातल्या मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची हकिगत होती आणि इंग्लंडला मदतीची हाक होती. मोहम्मद अली कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश होते सर लॉरेन्स जेंकिन्स, म्हणजे १८९९ ते १९०८ या काळात मुंबईचे सरन्यायाधीश राहिलेले तेच गृहस्थ. त्यांच्या विशेष खंडपीठापुढे दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, कायद्याची शब्दरचना इतकी रुंद होती की तिच्या जाळ्यातून जवळजवळ काहीच सुटले नसते, आणि आपला मजकूर त्या जाळ्यात येत नाही हे सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावर होते. दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. कायदा म्हणत होता की अधिसूचनेत सरकारने आपल्या मताची कारणे दिली पाहिजेत. या अधिसूचनेत कारणे नव्हती. कलमातलेच शब्द पुन्हा उतरवले होते. जेंकिन्सनी ती उणीव दाखवली. पण त्याच कायद्याच्या बाविसाव्या कलमाने असे प्रश्न काढण्याची न्यायालयाची वाट बंद केली होती. अर्ज फेटाळला गेला. मोहम्मद अलींनी पुस्तक गमावले, चारित्र्य मात्र राखले, अशा अर्थाचे शब्द निकालात आहेत. न्यायाधीशाला हुकूम चुकीचा दिसतो, तो तसे लिहूनही ठेवतो आणि तरी हुकमाला हात लावू शकत नाही. या निकालाइतका उदास कायदेशीर दस्तऐवज मी क्वचितच वाचला आहे.

देऊस्कर हा निकाल पाहायला नव्हते. ते करौंला परतले होते आणि १९१२ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, वारले. पराडकरांना १९१६ साली कलकत्त्यात अटक झाली आणि खटला न चालवता सुमारे साडेतीन वर्षे स्थानबद्ध ठेवले गेले. पुस्तकाला खटला नाही आणि माणसालाही खटला नाही. दोन्ही हुकमांची जात एकच.

१९१३ चा तो निकाल मात्र वाया गेला नाही. तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून १९२२ साली प्रेस अॅक्ट रद्द झाला. जप्तीचा अधिकार गेला नाही. तो फौजदारी प्रक्रिया संहितेत ९९-अ या कलमात जाऊन बसला. सरकारने कारणे द्यावीत ही अट त्यात होती, तीन न्यायाधीशांच्या विशेष खंडपीठाकडे जाण्याची वाटही होती. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली हरनाम दास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारचा जप्तीचा हुकूम रद्द केला, कारण त्यात कारणेच दिलेली नव्हती. सरकारला कारणे सांगायची नसतील तर न्यायालयाने ती शोधून काढायची नाहीत, हुकूम पडला. ज्या उणिवेकडे जेंकिन्स बोट दाखवून थांबले होते, तीच उणीव अठ्ठेचाळीस वर्षांनी हुकूम रद्द करायला पुरेशी ठरली. मधल्या काळात काय बदलले? राज्यघटना आली होती. एकोणिसाव्या अनुच्छेदातला हक्क आला होता. पण मला वाटते त्याहून साधी गोष्ट घडली होती: ‘कारण’ या शब्दाला वजन आले होते.

याचा कस कोलकात्यातच लागला. नोव्हेंबर २००३ मध्ये पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडीच्या सरकारने तसलिमा नसरीन यांच्या ‘द्विखंडित’ या आत्मकथनाच्या खंडावर बंदी घातली. आधार होता तेच जुने १५३-अ आणि नव्या संहितेतले ९५ वे कलम. शहरातल्या काही नामवंत लेखकांचाही बंदीला पाठिंबा होता, ही गोष्ट विसरू नये. न्यायालयात गेले ते सुजात भद्र. ते मानवी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते, म्हणजे पुस्तकाच्या बाजूने पाहिले तर वाचक. कायद्याचे शब्द इतके मोकळे आहेत की पुस्तकात ज्याचा हितसंबंध आहे अशा कुणालाही अर्ज करता येतो, आणि वाचण्याची इच्छा हाही हितसंबंधच. सप्टेंबर २००५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी बंदी उठवली.

महाराष्ट्रात याच काळात हेच घडत होते. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि लगोलग जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या इंग्रजी पुस्तकावर राज्य सरकारने बंदी घातली. संघराज रुपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला हे तिघे मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेही लेखक किंवा प्रकाशक म्हणून गेले नव्हते. २००७ साली उच्च न्यायालयाने बंदीचा हुकूम रद्द केला आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. एखाद्या पुस्तकाने वैर पसरते असे म्हणताना कोणत्या दोन गटांत पसरते, हे सरकारने नेमके सांगितले पाहिजे, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला. लेन यांचे पुस्तक मला आवडत नाही, असे सांगणारे माझे बरेच मित्र आहेत. ‘बंगबासी’चे लेख मला आवडत नाहीत. हुकमाला कारण विचारताना आवडीचा प्रश्न येत नाही, इतकेच मी त्यांना सांगतो.

इथेच थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. कागदावरचा हुकूम न्यायालय रद्द करू शकते; रस्त्यावरची दहशत आणि ठाण्यातली रात्र यांच्यापर्यंत ते उशिरा पोचते. ‘द्विखंडित’ परत आले, पण नोव्हेंबर २००७ मध्ये रस्त्यावर हिंसा झाल्यावर तसलिमांना कोलकाता सोडावे लागले. पुस्तकाला शहर मिळाले आणि लेखिकेला मिळाले नाही. एप्रिल २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातले प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना मुख्यमंत्र्यांवरचे एक व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल आधी मारहाण सोसावी लागली आणि मग त्यांनाच अटक झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पालघरला दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका साध्या मजकुरासाठी ताब्यात घेतले गेले. पुन्हा तीच दोन टोके, बंगाल आणि महाराष्ट्र, एकाच वर्षी. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६-अ हे कलम मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. राज्य मानवी हक्क आयोगाने सुचवलेले पन्नास हजार रुपये महापात्रांना द्यावेत, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात सांगितले. तरी त्यांच्यावरचा खटला संपायला जानेवारी २०२३ उजाडला. कलम मेले आणि खटला आठ वर्षे जगला.

म्हणून ‘कारण’ या शब्दाची दुसरी बाजूही सांगायला हवी, ती पोलीस ठाण्याची. १९८६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘टेलिग्राफ’, ‘स्टेट्समन’ आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’ यांत कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या छापून आल्या. पश्चिम बंगालच्या विधी सहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी त्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे एक पत्र देशाच्या सरन्यायाधीशांना लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. डिसेंबर १९९६ च्या निकालात अटकेसाठी अकरा अटी आल्या: पोलिसाच्या छातीवर नावाची ठळक पट्टी हवी, अटकेचा पंचनामा हवा आणि त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातलगाला किंवा मित्राला खबर द्यायला हवी, वैद्यकीय तपासणी हवी, चौकशीच्या काळात वकिलाला भेटता यायला हवे. या यादीकडे नीट पाहिले तर ती जप्तीच्या अटींचीच बहीण आहे. कोण उचलतो आहे, का उचलतो आहे, कुणाला कळवले, कुठे लिहिले. हार्ड मॅजिस्ट्रेटच्या गावात यातला एकही प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आणि ही यादी आली ती वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून. कोठडीत काय होते हे छापण्याचे स्वातंत्र्य नसते, तर कोठडीतल्या देहाला कायद्याचे संरक्षण मिळाले नसते. भाषणस्वातंत्र्य हा लेखक-पत्रकारांचा खास लाड आहे असे मानणाऱ्यांना मी बसूंचे ते पत्र आठवायला सांगतो.

जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. जप्तीचे कलम तिच्यात आता अठ्ठ्याण्णवे आहे. सरकारने कारणे द्यायची अट कायम आहे, दोन महिन्यांची मुदत कायम आहे, तीन न्यायाधीशांचे खंडपीठही आहे. १९१० च्या कायद्यातला अधिकार आणि १९१३ नंतर मिळवलेली शहाणीव अशी दोन्ही त्या एका कलमात शेजारी शेजारी राहतात. यातले कोण वरचढ ठरेल हे कलम ठरवत नाही. ते पुढे होऊन अर्ज करणारा माणूस ठरवतो, आणि तो लेखकच असला पाहिजे असे नाही. ‘देशेर कथा’च्या हजारो वाचकांपैकी कुणी त्या दोन महिन्यांत उच्च न्यायालयात गेला असता, तर १९१० च्या कायद्याने त्याला रिकाम्या हातानेच परत पाठवले असते. आजच्या वाचकाचे हात तसे बांधलेले नाहीत. मात्र दोन महिने तेव्हाही लवकर सरत होते आणि आताही लवकर सरतात.